इंजिन सारखंच, पण मिळतं कधी? नागपूरच्या नव्या फॉर्म्युला संघाचं प्रकरण

परिस्थिती

नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा संघ फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरतो आहे. जुलैत संघ जमला. स्पर्धा जानेवारीत, कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. यादीत पंचवीस नावं आहेत, पण परीक्षेच्या दिवसांतही वर्कशॉपमध्ये दिसणारी दहा-बाराच. कॉलेजनं जागा, वेल्डिंग मशीन आणि थोडी रक्कम दिली आहे. बाकी पैसा मुलांच्या वर्गणीतून आणि मिळालेच तर प्रायोजकांकडून यायचा आहे. संगणकावर चॅसीचं (गाडीच्या सांगाड्याचं) डिझाइन सुरू झालं आहे आणि इंजिनाचा मात्र पत्ता नाही.

हे एखाद्या ठरावीक संघाचं नाव झाकून सांगितलेलं प्रकरण नाही. विदर्भातून पहिली गाडी घेऊन जाणाऱ्या कुठल्याही संघासमोर जो पेच उभा राहतो, तो इथे एका संघाच्या रूपात मांडला आहे. प्रश्न असा: नियमपुस्तक सगळ्यांना एकच असताना चौथ्या-पाचव्या वर्षाच्या संघासमोर हा संघ इंजिनाच्या बाबतीत बरोबरीनं उभा राहतो का? राहत नसेल, तर नियमात नेमकं काय कमी आहे?

नियम काय सांगतो आणि कुठे गप्प बसतो

इंजिन पिस्टनचं, फोर स्ट्रोक, जास्तीत जास्त ७१० सीसी. कंपनी कुठलीही चालते. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गोल रिस्ट्रिक्टरमधून (हवा अडवणाऱ्या अरुंद भोकातून) गेली पाहिजे. टर्बो नसेल तर क्रम ठरलेला: आधी थ्रॉटल (एक्सलरेटरनं उघडणारी हवेची झडप), मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन. तपासणीत इनटेकचं (हवा आत घेणाऱ्या नळीचं) तोंड बंद केलं की इंजिन बंद पडलंच पाहिजे. चालू राहिलं तर हवा दुसरीकडून घुसते आहे. आवाज ११० डेसिबलच्या आत हवा आणि तो पिस्टनच्या सरासरी वेगावरून काढलेल्या आरपीएमवर मोजतात.

बरोबरी साधण्याचं काम यातला रिस्ट्रिक्टर करतो, आणि फार प्रामाणिकपणे करतो. २० मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर. हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की कितीही ओढा, त्यातून अधिक हवा जात नाही. समुद्रसपाटीला २७ अंश तापमानात ही मर्यादा सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम भरते. ६०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन १२,००० आरपीएमला सेकंदाला ६० लिटर, म्हणजे जवळपास ७१ ग्रॅम हवा मागतं. ते थेट छपराला टेकतं आणि वरची ताकद तिथेच अडते. केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन ९,००० आरपीएमला सेकंदाला २८ लिटर, म्हणजे ३३ ग्रॅमच्या आसपास मागतं. कागदावर त्याला रिस्ट्रिक्टर जाणवायलाही नको.

पण एक सिलिंडर हवा सलग घेत नाही, घोट घेतं. क्रँकच्या दोन फेऱ्यांपैकी इनटेक झडप सुमारे एक तृतीयांश काळच उघडी असते, म्हणून त्या क्षणाचा प्रवाह सरासरीच्या तिप्पट होतो. तेव्हा हेच इंजिन ७४ ग्रॅमची भिंत ओलांडायला बघतं आणि अडकतं. उपाय म्हणजे रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्यामध्ये दोन-तीन लिटरचा प्लेनम, म्हणजे हवेची टाकी. दोन घोटांच्या मधल्या काळात तो भरून राहतो आणि रिस्ट्रिक्टरमधला प्रवाह सपाट करतो. नवे संघ नेमके इथे फसतात. जागा नाही म्हणून प्लेनम लिटरभराचाच ठेवतात आणि ७,००० च्या वर गाडी का मरते ते कळत नाही म्हणून इंधनाच्या नकाशाशी (कधी किती इंधन टाकायचं या तक्त्याशी) खेळत बसतात.

वजनाच्या बाजूनं पाहिलं तर लहान इंजिन तोट्यात नाही. ३९० चं इंजिन चाळीस किलोच्या आत येतं. चार सिलिंडरचं त्याहून बरंच जड. म्हणजे हवेच्या बाबतीत नियमानं नव्या संघावर अन्याय केलेला नाही, उलट स्वस्त इंजिनालाही वाव ठेवला आहे. हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

नियम गप्प बसतो तो पुरवठ्याबद्दल. इंजिन कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या किमतीत, सोबत कोणती माहिती देणार, याबद्दल एक ओळ नाही. दुसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही. चॅसी दरवर्षी नवी हवी असा नियम आहे, इंजिन मात्र कितीही वर्षं तेच चालतं. जुन्या संघाला नवी चॅसी वेल्ड करावी लागते खरी, पण इंजिन, त्याचा नकाशा, सुटे भाग, ‘गरम झालं की सुरू होत नाही’ यावरचा उतारा, हे सगळं वर्षानुवर्षं साठत जातं. पाटी दरवर्षी पुसली जाते ती अर्धीच.

इंजिन मिळवण्याचे मार्ग

पहिला मार्ग नवी मोटरसायकल घेऊन उघडण्याचा. ३९० ड्यूक तीन लाखांच्या घरात जाते. पहिल्या वर्षाच्या संघाचं अर्धं बजेट त्यात संपतं, आणि उरलेली फ्रेम, फोर्क, चाकं विकून फार काही परत येत नाही. शिवाय २०२३ पासूनच्या पिढीत इंजिन ३९९ सीसीचं झालं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिलिमीटरच राहिला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६० वरून ६४ झाला. आवाजाच्या चाचणीचा आरपीएम पिस्टनच्या १५.२५ मीटर प्रतिसेकंद या वेगावरून निघतो: ६० च्या स्ट्रोकला ७,६२५, म्हणजे जवळच्या पाचशेला ७,५००, ६४ ला तो ७,००० वर येतो. देशभरच्या संघांनी ३७३ सीसीवर जमवलेले आकडे अशा ठिकाणी नव्या इंजिनाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

दुसरा मार्ग जुन्या संघाचं निवृत्त इंजिन. पुण्या-मुंबईकडचे संघ कधी कधी विकतात. यात इंजिन किती तास चाललं आणि किती वेळा तेलाविना घासलं, हे सांगणारा माणूस बहुधा पास होऊन गेलेला असतो.

तिसरा, उत्पादक किंवा वितरकाकडून सवलतीत इंजिन. हा मार्ग सगळ्यांत चांगला आणि नव्या संघाला सगळ्यांत बंद. अर्जात ‘मागील तीन वर्षांची कामगिरी’ असा रकाना असतो. पहिल्या वर्षाचा संघ तिथे काय भरणार? उत्तर येतं तेही ऑक्टोबरात.

चौथा मार्ग अपघातात निकामी झालेल्या गाडीच्या इंजिनाचा. नागपुरातला नवा संघ फिरून फिरून इथेच येतो, म्हणून याकडे नीट बघू.

भंगारातलं इंजिन: कागद आधी, पाना नंतर

विमा कंपनीनं टोटल लॉस ठरवलेली गाडी लिलावातून व्यापाऱ्याकडे जाते आणि तिथून इंजिन सुटं विकलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकरणाला कळवायचं असतं. इंजिन एमएच ३१, ४९ किंवा ४० मधल्या कुठल्याही गाडीचं असो, आरसी बुकाची प्रत, नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन क्रमांक लिहिलेलं बिल हे तिन्ही हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. क्रँककेसवरचा क्रमांक घासलेला दिसला तर किंमत विचारायचीसुद्धा नाही. ‘भाऊ, कागद मागून येईल, तुम्ही इंजिन तर घेऊन जा’ हे वाक्य ऐकलं की तिथून निघायचं. चोरीच्या गाडीचं इंजिन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सापडलं तर संघ तर बुडतोच, वर प्राध्यापक सरांना पोलीस ठाण्याच्या फेऱ्या घालाव्या लागतात.

कागद नीट असले तर तपासणी. अपघातात गाडी आडवी पडून इंजिन काही क्षण तसंच चालू राहिलेलं असतं आणि त्या वेळात पंप तेलाऐवजी हवा ओढतो. म्हणून आधी तेल पांढऱ्या कापडावर गाळून बघायचं. कापडावर चकचकीत पितळी वा चांदीसारखे कण आले तर बेअरिंग गेलेलं आहे. तेल दुधी दिसलं तर पाणी शिरलं आहे. मग इंजिन पकडण्याचे कान डाय पेनिट्रंट (भेग दाखवणारा रंग) मारून तपासायचे, कारण पडताना तिथे केसाएवढी भेग जाते आणि ती चौथ्या-पाचव्या चाचणीत उघडते. गिअर शिफ्टचा शाफ्ट वाकलेला नाही ना, क्लच कव्हरला तडा नाही ना, तेही बघायचं. कॅमवर डीकॉम्प्रेसर (सुरू करताना सिलिंडरचा दाब सोडणारी कळ) असलेल्या इंजिनात साधा कॉम्प्रेशन गेज मुळातच कमी आकडा दाखवतो, त्यावरून चांगलं इंजिन नाकारलं जातं. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून गळती मोजण्याची) करावी: १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर घ्यावं, २० च्या वर असेल तर रिंग आणि झडपांचा खर्च किमतीत धरावा.

नुसतं इंजिन घेऊन यायचं नाही. थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, इंधन पंप, ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, रेग्युलेटर-रेक्टिफायर, दाब-तापमानाचा सेन्सर, लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा), तिरपेपणाचा सेन्सर, साइड स्टँड आणि क्लचचे स्विच हे त्याच गाडीचे मागायचे. मूळ ईसीयूला हे सिग्नल लागतात. साइड स्टँडचा सिग्नल नसेल तर गिअर टाकताच इंजिन बंद पडतं, आणि मुलं दोन दिवस इंधन पंप उघडून बसतात.

मूळ ईसीयूवर स्पर्धेची गाडी पळवणं तसंही नीट जमत नाही. त्यातला नकाशा मोकळ्या हवेसाठी लिहिलेला असतो. रिस्ट्रिक्टर लावला की वरच्या आरपीएमला हवा कमी येते, इंधन तेवढंच पडतं, मिश्रणात इंधन जास्त होतं. म्हणून पीई-३ किंवा मायक्रोस्क्विर्टसारखा स्वतंत्र ईसीयू घ्यावा लागतो. ईसीयू, वायरिंगचं लूम, वाइडबँड लॅम्डा हे सगळं मिळून खर्च भंगारातल्या इंजिनाच्या किमतीला भिडतो, कधी त्याच्याही वर जातो. क्रँकच्या चाकाला (ज्याच्या दातांवरून ईसीयूला क्रँकची जागा कळते) किती दात आहेत आणि किती गाळलेले आहेत, ही माहिती जुन्या संघाच्या वहीत असते. नव्या संघाला कव्हर उघडून मोजावे लागतात.

नागपूरची हवा इथे आडवी येते. शहर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे. मेमधल्या ४५ अंशांत त्याच रिस्ट्रिक्टरमधून सेकंदाला ७४ ऐवजी ६९ ग्रॅमच हवा जाते. जानेवारीत कोइम्बतूरला दुपारी तिशीच्या आसपास तापमान असतं, हवा नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा साधारण ४ टक्के दाट. उन्हाळ्यात थ्रॉटलच्या कोनावर बांधलेला आणि हवेच्या तापमानाची दुरुस्ती न टाकलेला नकाशा तिथे ४ टक्के कोरडा पडतो, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी देतो. त्यात इंधनाची भर. ई-१० ला (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) एक किलो इंधनामागे १४.१ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेरा, म्हणजे जुन्या इंधनावर बांधलेला नकाशा आणखी ४ टक्के कोरडा. दोन्ही एकत्र आले की पिस्टनचा माथा भाजतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर प्लेनमवर लावा आणि स्पर्धेत कोणतं इंधन देणार ते आयोजकांना डिसेंबरच्या आधी विचारा.

आणि तेल. मोटरसायकल वळणावर झुकते, त्यामुळे तिच्यातलं तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाशीच राहतं. फॉर्म्युला गाडी झुकत नाही. दीड-पावणेदोन लिटर तेल लांब वळणावर एका भिंतीवर चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, आणि कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग काही सेकंदांत घासलं जातं. बेअरिंग लगेच जात नाही, २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये (स्पर्धेतल्या सगळ्यांत लांब धावेत) जातं. संपमध्ये आडव्या पट्ट्या बसवणं हे एका दिवसाचं काम आहे, हिंगणा एमआयडीसीतला कुठलाही चांगला वेल्डर करून देईल. पण ते करायचं असतं हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

अन्याय कुठे आहे

जुन्या संघानं स्वतः घाम गाळून शोधलेला नकाशा त्याचाच आहे, तो नव्याला वाटा असं म्हणणं चुकीचं ठरेल. अनुभवाचा फायदा मिळणारच आणि मिळायलाच हवा. पण तेलाच्या पट्ट्या, दातांची संख्या, कनेक्टरच्या पिनांचा क्रम, बोल्टचे टॉर्क हे कौशल्य नाही, उत्पादकाकडे तयार पडलेली माहिती आहे. ती कुणाला मिळते हे ओळखीवर ठरत असेल तर ती स्पर्धा राहत नाही. सवलतीच्या इंजिनाचंही तसंच. कष्टानं मिळवलेली आघाडी वेगळी आणि दारावर अडवून राखलेली आघाडी वेगळी.

तारीख मात्र या सगळ्याहून मोठी. इंजिन प्रत्यक्ष टेबलावर आल्याशिवाय चॅसीचा मागचा भाग नक्की होत नाही. पकडण्याच्या कानांची जागा, पुढच्या स्प्रॉकेटची रेषा आणि त्यावरून डिफरन्शियल, प्लेनमची उंची (इनटेक मुख्य रोल हूप, म्हणजे चालकामागची सुरक्षा कमान, आणि टायर यांच्या हद्दीत राहायला हवा), एक्झॉस्टचं वळण, रेडिएटरच्या नळ्या, सगळं त्याच्यावर टांगलेलं आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या त्रिमितीय चित्रावर विसंबून चॅसी वेल्ड केली आणि कान चार मिलिमीटरनं सरकले, की चेन तिरकी चालते आणि पहिल्याच लाँचला उडते. ऑक्टोबरात इंजिन मिळालेला संघ डिसेंबरात गाडी कशीबशी उभी करतो, चाचणी करत नाही, आणि एन्ड्युरन्समध्ये चालक बदलल्यावर गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही म्हणून बाहेर पडतो. निकालपत्रात तेवढंच दिसतं की नवा संघ कच्चा होता.

मोठ्या दारातला हाच वाद

फॉर्म्युला वनला हा प्रश्न फार महागात शिकावा लागला. २०१४ मध्ये १.६ लिटर व्ही६ हायब्रिड आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅटरहॅम आणि मारूसिया हे दोन्ही संघ दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेले. मारूसिया २०१५ ला मॅनॉर म्हणून परतला तो फेरारीचं आदल्या वर्षीचं इंजिन घेऊन, आणि हंगामभर त्याला एकही गुण मिळाला नाही. त्याच वर्षी रेनॉशी बिनसलेल्या रेड बुलला मर्सिडीजनं नकार दिला, फेरारीशी जमलं नाही. माजी जगज्जेता संघ इंजिनाविना राहतो की काय अशी वेळ आली. अखेर रेनॉचंच इंजिन टॅग ह्युअरच्या नावानं घ्यावं लागलं.

एफआयएला (मोटर शर्यतींचे नियम करणाऱ्या जागतिक संघटनेला) इंजिनाच्या किमतीवर मर्यादा हवी होती, फेरारीनं नकाराधिकार वापरून ती अडवली. तडजोड एप्रिल २०१६ मध्ये झाली. २०१७ ला इंजिनाची किंमत संघामागे १० लाख युरोनं आणि २०१८ पासून आणखी ३० लाखांनं कमी करायची, आणि एखाद्या संघाला इंजिनच मिळत नसेल तर उत्पादकांवर पुरवठ्याचं बंधन घालायचं. हिशेब असा: ११ मधून नव्या उत्पादकाशी करार झालेले संघ वजा करायचे, उरलेल्याला जुन्या उत्पादकांच्या संख्येनं भागायचं, तितक्या संघांना पुरवण्याची तयारी प्रत्येकानं ठेवायची. मे महिन्यात उत्पादकांनी आपल्या संघांची यादी द्यायची, आणि गरज पडली तर ज्याच्याकडे सगळ्यांत कमी संघ त्याच्यावर आधी जबाबदारी. होंडानं ऑक्टोबर २०२० मध्ये माघार जाहीर केली तेव्हा हे गणित खरोखर मांडावं लागलं. तीन उत्पादक उरणार होते, ११ भागिले ३ म्हणजे ३.६७. मर्सिडीजकडे चार संघ, फेरारीकडे तीन, रेनॉकडे फक्त स्वतःचा. रेड बुल रेनॉच्याच दारात जाणार होता. ती वेळ टळली, कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये इंजिनाचा विकास २०२२ पासून गोठवायला सगळे राजी झाले आणि रेड बुलनं होंडाचं तंत्र घेऊन स्वतःचा इंजिन विभाग उभारला.

पुरवठा सक्तीचा केला तरी बरोबरी येत नाही, हेही तिथे दिसलं. २०१६ ला टोरो रोसो आणि २०१७ ला सौबर वर्षभर जुन्या फेरारी इंजिनावर धावले. हंगाम पुढे सरकला तसे इतरांची इंजिनं सुधारत गेली, यांची जागच्या जागी. २०१८ च्या सुरुवातीला एफआयएनं तांत्रिक निर्देश काढून स्पष्ट केलं की ग्राहक संघाला (इंजिन विकत घेणाऱ्याला) कारखान्याच्या, म्हणजे उत्पादकाच्या स्वतःच्या संघासारखंच हार्डवेअर, तेच सॉफ्टवेअर आणि तेच मोड वापरण्याची क्षमता मिळाली पाहिजे. नागपूरच्या वर्कशॉपमध्ये इंजिन आहे पण नकाशा नाही, त्या दुखण्याचंच हे मोठं रूप.

या प्रकरणासाठी सगळ्यांत बोलकी गोष्ट २०२४ ची. अँड्रेटी-कॅडिलॅक या नव्या अमेरिकी संघाच्या अर्जाला एफआयएनं ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली होती. कॅडिलॅकची मालक जनरल मोटर्स स्वतःचं इंजिन २०२८ ला आणणार होती, तोवर कुणाचं तरी घ्यावं लागणार होतं, आणि रेनॉशी झालेला प्राथमिक करार संपून गेलेला होता. ३१ जानेवारी २०२४ ला फॉर्म्युला वननं, म्हणजे स्पर्धेचा व्यवसाय चालवणाऱ्या कंपनीनं, अर्ज नाकारला. दिलेल्या कारणांत एक असंही होतं की नव्या संघाला कित्येक हंगाम सक्तीनं पुरवलेल्या इंजिनावर चालावं लागलं तर स्पर्धेच्या प्रतिष्ठेला धक्का बसेल. इंजिनाविना कुणी राहू नये म्हणून केलेला नियम नव्याला बाहेर ठेवण्याचा आधार झाला. आम्हाला हे योग्य वाटत नाही. नियम जर आधार म्हणून लिहिला आहे, तर तो वापरण्याची वेळ येऊ शकते हाच दोष कसा ठरतो?

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅडिलॅकला तत्त्वतः प्रवेश मिळाला. १० डिसेंबरला फेरारीशी इंजिन आणि गिअरबॉक्सचा करार जाहीर झाला, पहिली शर्यत मार्च २०२६ मध्ये. म्हणजे पंधरा महिने आधी त्यांना माहीत होतं की कुठला गिअरबॉक्स, कुठले बोल्ट, किती रेडिएटर. सक्तीच्या मार्गानं जूनमध्ये नाव कळलं असतं तर हातात नऊच महिने राहिले असते. इंजिन तेच असतं, गाडी ती नसती.

इथे काय बदलायला हवं

बाहासारख्या (खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्यांच्या) विद्यार्थी स्पर्धांत आयोजकांनी सगळ्यांना एकच इंजिन ठरवून देण्याची पद्धत आहे. तिथे पुरवठ्याचा वाद बराचसा संपतो. पण फॉर्म्युला स्टुडंटमध्ये ती आणू नये असं आमचं मत आहे. इंजिनाची निवड हा इथल्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि रिस्ट्रिक्टर ताकदीची बरोबरी करतोच. बदल पुरवठ्याच्या नियमात हवा, तोही मोजक्या कलमांत.

नोंदणीकृत संघांपैकी एकालाही सवलतीत इंजिन देणाऱ्या कंपनीनं किंमत, संख्या आणि अर्जाची तारीख १५ जुलैपूर्वी सगळ्यांसाठी जाहीर करावी. त्यातली किमान एक तृतीयांश इंजिनं पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या संघांसाठी राखीव असावीत, आणि त्यांच्या अर्जात मागील कामगिरीचा रकाना नसावा. ताबा १५ सप्टेंबरपूर्वी मिळावा. उशीर होणार असेल तर पकडण्याचे कान आणि स्प्रॉकेट अचूक जागी असलेलं रिकामं क्रँककेस आधी द्यावं, म्हणजे चॅसी थांबत नाही. प्रत्येक इंजिनासोबत २० मिलिमीटर रिस्ट्रिक्टरवर चालणारा प्राथमिक नकाशा, पिनांचा तक्ता, टॉर्कचे आकडे आणि तेलाच्या अडचणीची सूचना असावी. स्पर्धेच्या ठिकाणी सुटे भाग असतील तर ते कुठल्याही संघाला रोख पैशांत मिळावेत.

कंपन्या म्हणतील, पैसा आमचा, कुणाला द्यायचं ते आम्ही ठरवू. त्यात तथ्य आहे, देणगी सक्तीची करता येत नाही. पण स्पर्धेच्या मैदानावर आपलं नाव लावायचं असेल तर आयोजक अट घालू शकतात, आणि तारीख जाहीर करायला कंपनीला एक रुपयाही लागत नाही. सगळी कलमं एकदम जमली नाहीत तर ताब्याच्या तारखेचं आधी आणावं. किमतीची सवलत नसली तरी संघ कसाबसा पैसा उभा करतो, गेलेला सप्टेंबर मात्र परत आणता येत नाही.

या संघानं आता काय करावं

नियम बदलेपर्यंत हा संघ थांबू शकत नाही. त्यानं उत्पादकाकडे अर्ज टाकावा, पण त्यावर चॅसी टांगू नये. कागद नीट असलेली ३७३ सीसीची दोन इंजिनं घ्यावीत, एक चालू आणि एक अर्धं मेलेलं. दुसऱ्याचं हेड, क्लच, स्टेटर आणि केस सुटे भाग म्हणून लागतात. ३९९ चा मोह या वर्षी टाळावा. ३१ ऑगस्टपर्यंत चालू इंजिन टेबलावर हवं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संप उघडून पट्ट्या, दुसऱ्यात पुठ्ठ्याच्या नमुन्यावर प्लेनमची जागा, आणि त्यानंतरच मागच्या नळ्या कापायच्या. १५ नोव्हेंबरला इंजिन चॅसीत सुरू झालं पाहिजे. त्यानंतर रोज वीस मिनिटं चालवून बंद करायचं, तीन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करून बघायचं. १२ च्या वरच्या कॉम्प्रेशनचं गरम इंजिन लहान बॅटरीवर फिरत नाही, हे कोइम्बतूरला कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. फिरत नसेल तर आधी बॅटरीची वायर जाड करा, मग क्रँकिंगच्या वेळचं इग्निशन मागे घ्या, आणि त्यानंतरही अडलं तरच मोठी बॅटरी.

कोइम्बतूरला जाताना पेटीत दोन हेड गॅस्केट, एक क्लच प्लेटचा संच, दोन स्पार्क प्लग, एक रेक्टिफायर, चेनच्या चार जोडकड्या, तीन लिटर तेल आणि दोन ऑइल फिल्टर हवेत. रेक्टिफायर विसरू नका. रेडिएटरच्या पंख्याचा भार त्याच्यावर येतो आणि तो जळला की बॅटरी एन्ड्युरन्सच्या मध्यातच संपते.